रंग गेला म्हणजे औषध गेले काय?



पावसाळ्याच्या तोंडी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की आपल्या खेड्यांत एक गोष्ट हटकून घडते. त्या विहिरीच्या पाण्याला वास येतो म्हणून बायाबापड्या घागरी घेऊन दुसऱ्या, औषध न टाकलेल्या विहिरीकडे वळतात. तेथील पाणी नितळ दिसते, त्यास वास येत नाही, चवीलाही ते गोड लागते. सबब ते चांगले, असा निवाडा होतो. पुढे एखाद्या घरात हगवण लागते, कोठे कावीळ निघते, तेव्हा दोष हवेला दिला जातो, अवेळी खाल्लेल्या फळाला दिला जातो, प्रसंगी कोणाच्या नजरेलाही दिला जातो. पाण्याला मात्र कोणी दोष देत नाही. कारण डोळ्यांनी व नाकाने पाण्यास निर्दोष ठरविलेले असते.

डोळे आणि नाक हे पाण्याचे खरे परीक्षक आहेत काय, हा आजचा प्रश्न आहे. ब्लीचिंग पावडरीतून पाण्यात उतरणारा क्लोरीन फार विरळ असतो. तो दिसत नाही. म्हणून तो पाण्यात गेल्यावर काय करतो, कोठे खर्च होतो व केव्हा दुबळा पडतो हेही आपणांस दिसत नाही. परंतु त्याच घराण्यात त्याचा एक भाऊ असा आहे की ज्याचा रंग ठळक आहे. त्याचे नाव ब्रोमीन. जे क्लोरीन गुपचूप करतो, ते हा भाऊ बव्हंशी उघड्यावर करून दाखवितो. म्हणून विहिरीची गोष्ट समजून घेण्यासाठी आज आपण ब्रोमीनची ओळख करून घेऊ.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन हे चौघे एका घराण्याचे. ह्या घराण्यास हॅलोजन म्हणतात. त्याचा अर्थ मीठ उत्पन्न करणारे. आपल्या जेवणातील मीठ म्हणजे सोडियम व क्लोरीन ह्यांचा संयोग होय. क्लोरीन हा हिरवट पिवळा वायू, आयोडीन हा काळसर घन पदार्थ, आणि ह्या दोहोंच्या मध्ये बसणारा ब्रोमीन हा गडद तांबडा द्रव आहे. साधारण हवामानात द्रवरूपाने राहणारी मूलद्रव्ये दोनच, एक पारा आणि दुसरा ब्रोमीन. तो पाण्याच्या तिप्पट जड असून ५९ अंश उष्णतेस उकळतो; पण न उकळताही त्याच्या तांबूस वाफा सतत निघत असतात. त्या वाफा नाकाडोळ्यांस झोंबतात व फुप्फुसास इजा करतात, आणि द्रवाचा थेंब कातडीवर पडल्यास खोल जखम होते. त्याचे नावही ज्या ग्रीक शब्दावरून पडले, त्याचा अर्थ दुर्गंध असाच आहे.

ब्रोमीनचा शोध १८२६ साली प्रसिद्ध झाला. फ्रान्स देशातील माँपेल्ये नगरात बालार नावाचा तेवीस वर्षांचा तरुण रसायनशास्त्रज्ञ मिठागराच्या पाण्याचा अभ्यास करीत होता. मीठ काढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते, त्यात त्याने क्लोरीन सोडला, तो ते पाणी नारिंगी झाले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमीन असतो, परंतु तो मोकळा नसतो. ब्रोमाइड ह्या रूपाने बांधलेला असतो. त्या रूपात त्याला रंग नाही, वास नाही. क्लोरीन अधिक बलवान असल्यामुळे तो ब्रोमाइडचे बंधन तोडतो व ब्रोमीनला मोकळे करतो, आणि मोकळा झाल्याबरोबर त्याचा रंग प्रकट होतो. आजही आपल्या देशात कच्छच्या रणातील मिठागरांच्या उरलेल्या पाण्यातून ब्रोमीन काढतात, तो ह्याच तत्त्वावर.

ह्या शोधाला एक बोधप्रद पुरवणी आहे. लीबिग हे जर्मनीतील थोर रसायनशास्त्रज्ञ. बालारच्या शोधापूर्वीच त्यांच्याकडे अशाच तांबड्या द्रवाची एक बाटली आली होती. रूपावरून त्यांनी तो आयोडीन व क्लोरीन ह्यांचा संयोग असावा असे ठरविले, बाटलीवर तशी चिठ्ठी लावली आणि ती बाजूस ठेवून दिली. बालारचे वर्तमान कानी येताच त्यांना उमजले की हातात आलेले नवे मूलद्रव्य आपण केवळ डोळ्यांवर विसंबून गमावले. पुढे ती बाटली त्यांनी आपल्या चुकांच्या कपाटात ठेवली, असे सांगतात. एवढ्या जाणत्या पुरुषाचे डोळे फसले, तर घागर भरताना आपले फसावेत ह्यात नवल ते काय?

आता ब्रोमीन पाण्यात गेल्यावर काय होते ते पाहू. जड असल्यामुळे तो प्रथम तळाशी बसतो. हलविल्यास एका लिटर पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम विरघळतो व पाणी नारिंगी होते. ह्यालाच प्रयोगशाळेत ब्रोमीनचे पाणी म्हणतात. पांढुर्णा व सौंसर येथील जी मुलेमुली कॉलेजात विज्ञान शिकतात, त्यांना ही बाटली परिचयाची असेल. विरघळलेल्या ब्रोमीनचा काही अंश पाण्याशी संयोग पावतो व त्यातून दोन आम्ले उत्पन्न होतात. एक हायड्रोब्रोमिक आम्ल आणि दुसरे हायपोब्रोमस आम्ल. रोगजंतूंना मारणारे ते हे दुसरे. ब्रोमीन दाट असताना हा अंश अगदी थोडा असतो. परंतु पुष्कळ पाण्यात थोडासा ब्रोमीन घातला, तर जवळजवळ सर्वच ब्रोमीन ह्या रूपात जातो. क्लोरीनचेही असेच. विहिरीत काम करतो तो हायपोक्लोरस आम्ल ह्या रूपातला क्लोरीन.

ह्या नारिंगी पाण्याचा रंग तीन प्रकारांनी जातो, आणि ते तीन प्रकार म्हणजे विहिरीविषयीचे तीन धडे आहेत.

पहिला प्रकार अल्काचा. ब्रोमीनच्या पाण्यात थोडी चुन्याची निवळी किंवा कॉस्टिक सोड्याचे पाणी घातले, तर रंग तात्काळ नाहीसा होतो. बघणारा म्हणेल, ब्रोमीन संपला. पण त्यातच लगेच आम्लाचे थेंब टाकले की रंग पुन्हा उजळतो! ब्रोमीन कोठेच गेला नव्हता. अल्कामुळे त्याने रूप बदलले होते एवढेच. हे अल्कातले रूप जंतुनाशाच्या कामी मात्र दुबळे असते. आपल्या भागातील संत्र्याच्या बागाईतदारांना माती परीक्षणाच्या कागदावरील सामू हा शब्द माहीत आहे. पाण्यालाही सामू असतो. सामू ८ असलेल्या पाण्यात क्लोरीनचा सुमारे चौथा हिस्साच सबळ रूपात राहतो व बाकीचा दुबळ्या रूपात जातो. काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड व किंचित अल्कधर्मी असते. म्हणून औषध टाकल्याबरोबर लगेच घागर भरणे बरोबर नाही. दुबळ्याला काम उरकण्यास वेळ द्यावा लागतो. निदान एक तास तरी विहीर तशीच राहू द्यावी.

दुसरा प्रकार तेलाचा व घाणीचा, आणि तो समजावून सांगण्यास संत्र्याइतके सोयीचे दुसरे फळ नाही. संत्र्याची ताजी साल दिव्याजवळ चिमटली असता चुर्र होऊन ठिणग्या उडतात, हा खेळ आपल्याकडील प्रत्येक मुलाने केलेला असतो. त्या सालीतून उडते ते सुवासिक तेल; त्यात मुख्यतः लिमोनीन नावाचा पदार्थ असतो. ह्या तेलाचे काही थेंब ब्रोमीनच्या पाण्यात टाकून हलविले, तर नारिंगी रंग भराभर नाहीसा होतो. येथे मात्र आम्ल घातले तरी रंग परत येत नाही. कारण लिमोनीनच्या कणात दोन जागा अशा असतात की जेथे ब्रोमीन जाऊन घट्ट चिकटतो. तो आता मोकळा राहिला नाही, तेलाचा झाला. नाल्याचे घाण पाणी घातले तरी पुष्कळसा असाच परिणाम दिसतो. कुजलेली पाने, शेण, मूत्र व गाळ ह्यांत असे अनेक पदार्थ असतात की जे ब्रोमीनला खाऊन टाकतात. क्लोरीनलाही ते असेच खातात.

ह्या धड्याचे महत्त्व फार आहे. विहिरीत औषध टाकले म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे समजणे चुकीचे आहे. औषधाचा पहिला घास घाण घेते. तिची भूक भागल्यावर जे उरेल, तेच पाण्याचे रक्षण करते. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याचे पाणी विहिरीत उतरले असेल, तर नेहमीचे माप घाणीतच संपून जाईल आणि पाणी दिसेल मात्र जसेच्या तसे. घाणीतील अमोनिया हा तर क्लोरीनला आपल्याशी जोडून घेऊन पुष्कळच मंद करून टाकतो. म्हणून वापरण्याच्या वेळी पाण्यात थोडा तरी मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. तो एका लिटरला अर्धा मिलिग्रॅम असावा, असा नियम आहे. पाण्याला येणारा तो थोडासा वास म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण होय. ज्या वासाला भिऊन आपण विहीर सोडतो, तोच वास पुष्कळदा तिच्या बाजूची साक्ष देत असतो.

तिसरा प्रकार उन्हाचा. ब्रोमीनचे पाणी पांढऱ्या काचेच्या बाटलीत उन्हात ठेवले, तर हळूहळू फिके पडत जाते. सूर्यप्रकाशाने हायपोब्रोमस आम्लाचा भंग होतो, प्राणवायू निघून जातो आणि मागे केवळ हायड्रोब्रोमिक आम्ल उरते. म्हणूनच ही बाटली तपकिरी काचेची असते. क्लोरीनचाही उन्हापुढे असाच पराभव होतो. तेव्हा विहिरीत औषध टाकावयाचे ते सायंकाळी, पाणी भरणे आटोपल्यावर. म्हणजे ऊनही नाही आणि रात्रभर पाण्यास विसावाही मिळतो. तसेच पावडरीचे पोते उघडे, दमट किंवा उन्हात ठेवू नये. वर्षभर तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातील पावडर दिसण्यात पांढरीच असते, पण तिच्यातील जोर गेलेला असतो. येथेही डोळे फसतात.

कोणी विचारील, सामू वाढला असताना ब्रोमीन क्लोरीनपेक्षा अधिक टिकतो, तर विहिरीत तोच का टाकू नये? शंका रास्त आहे. सामू ८ असलेल्या पाण्यात ब्रोमीनचे सुमारे चार पंचमांश सबळ रूपातच राहतात, आणि अमोनियाशी जोडला गेला तरी तो फारसा मंद होत नाही. ह्या गुणांमुळे पोहण्याच्या तलावांत, कारखान्यांच्या थंड पाण्यात आणि काही जहाजांवर पिण्याच्या पाण्यासाठीही त्याचा उपयोग करतात. परंतु तो महाग आहे, हाताळण्यास धोक्याचा आहे, आणि घाणीशी संयोग पावून ब्रोमोफॉर्मसारखे नको असलेले पदार्थ उत्पन्न करतो. गावाच्या विहिरीला ब्लीचिंग पावडरच योग्य. तेव्हा ब्रोमीनपासून शिकावे, पण त्याला घरी आणू नये. वरील प्रयोगही शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच व्हावेत.

ब्रोमीनची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. मोकळा ब्रोमीन इतका दाहक, परंतु बद्ध झाल्यावर त्याचे गुण सर्वस्वी पालटतात. ते कसे पालटतील हे तो कोणाशी बांधला गेला ह्यावर अवलंबून असते. पोटॅशियमशी बांधला गेला की तो पोटॅशियम ब्रोमाइड होतो. १८५७ सालापासून फेपऱ्यावर ह्या औषधाचा उपयोग होऊ लागला. १९१२ नंतर दुसरी औषधे निघाल्यावर ते मागे पडले. चांदीशी बांधला गेला की तो प्रकाशाने काळवंडणारा सिल्व्हर ब्रोमाइड होतो. आपल्या घरातील आजीआजोबांच्या लग्नाचे काळेपांढरे छायाचित्र बहुधा त्याच्याच कृपेने उमटलेले आहे.

तेलाशी बांधला गेला तर काय होते, ही गोष्ट संत्र्याच्या मुलखाला विशेष जवळची आहे. संत्र्याच्या सालीचे तेल पाण्याहून हलके असल्यामुळे सरबताच्या बाटलीत ते वर तरंगते व गळ्याशी कडे धरते. ह्यावर कारखानदारांनी एक युक्ती काढली. वनस्पती तेलास ब्रोमीन जोडून ते जड करावयाचे आणि संत्र्याच्या तेलात मिसळावयाचे, म्हणजे मिश्रणाचे वजन पाण्याबरोबर येऊन ते बाटलीभर सारखे पसरून राहते. ब्रोमीनच्या पाण्याचा रंग घालविणारी जी क्रिया आपण वर पाहिली, तीच ही. पेय दिसावयास सुरेख होते; पण हे ब्रोमीनयुक्त तेल शरीरातील चरबीत साचते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत कंठातील थायरॉइड ग्रंथीवर त्याचा अनिष्ट परिणाम दिसून आला. भारतात शीतपेयांत ते घालण्यास १९९० साली बंदी झाली. अमेरिकेने आपली परवानगी २०२४ साली काढून घेतली. मुलांनी संत्र्याचा रस प्यावा. वर तेलाचा तवंग दिसला तरी बिघडत नाही.

प्राणवायूशी बांधला गेला तर ब्रोमीनचा ब्रोमेट होतो. पाण्यात ब्रोमाइड असून त्यात शुद्धीकरणासाठी ओझोन वायू सोडला, तर ब्रोमेट उत्पन्न होऊ शकतो. त्यास रंग, वास व चव काहीच नाही, परंतु तो कर्करोगास कारण होऊ शकतो अशी शंका असल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा एका लिटरला ०.०१ मिलिग्रॅम अशी ठेवली आहे. समुद्रापासून दूर असलेल्या गोड्या पाण्यात ब्रोमाइड सहसा फार अल्प असते, म्हणून आपण भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु बाटलीतले म्हणून पाणी आपोआप निर्मळ ठरत नाही. तेथेही परीक्षा झालेली असली पाहिजे. विकत घेताना मानक चिन्ह पाहून घ्यावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम विहिरीतील पाणी मोजावे. विहिरीची रुंदी मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने गुणावे, आणि येईल त्या अंकास ७८५ ने गुणावे. म्हणजे पाण्याचे लिटर निघतात. उदाहरणार्थ, विहीर ३ मीटर रुंद व पाणी ४ मीटर खोल असल्यास ३ गुणिले ३ गुणिले ४ म्हणजे ३६. त्यास ७८५ ने गुणिले असता सुमारे २८ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, ह्या मापाने सुमारे ७० ग्रॅम पावडर पुरे. पाणी गढूळ असेल तर हे माप अपुरे पडेल; ते किती वाढवावे हे आरोग्य कर्मचाऱ्यास विचारावे.

पावडर कोरडीच विहिरीत झोकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावे व दहा मिनिटे स्थिर ठेवावे. खाली चुना बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावे, दोराने ती पाण्याच्या पातळीखाली सोडावी व वरखाली हलवून औषध सर्वत्र मिसळावे. चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नये. त्याने पाणी अधिक जड होते. पावडरीशी कोणतेही आम्ल, संडास धुण्याचे सुद्धा, कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

घरच्या लहान विहिरीसाठी आपल्या शेजारच्या नागपूर शहरातील संस्थेने एक सोपी तोड काढून दिली आहे. ती संस्था १९५८ साली स्थापन झाली व आज नीरी ह्या नावाने ओळखली जाते. तिच्या पद्धतीत एकात एक बसणारी मातीची दोन मडकी घेतात. आतल्या मडक्याला वरच्या अंगास आणि बाहेरच्याला तळाजवळ भोक पाडतात. एक किलो पावडर व दोन किलो जाड वाळू किंचित ओलवून, भोकाच्या थोडी खाली राहील अशा बेताने आतल्या मडक्यात भरतात, बाहेरच्याचे तोंड प्लॅस्टिकच्या कागदाने बांधतात व ते पाण्याखाली निदान एक मीटर टांगतात. क्लोरीन थेंबाथेंबाने पाझरत राहतो. सुमारे साडेचार हजार लिटर पाण्याच्या विहिरीस, रोज चारशे लिटरच्या आसपास पाणी काढले जात असता, एक जोडी दोन ते तीन आठवडे पुरते.

शेवटी परीक्षा. औषध टाकल्यावर तासाभराने घागरीतील थोडे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीन ह्या औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, रंग आला नाही तर औषध संपले व आणखी घातले पाहिजे. पिवळा रंग लगेच, काही सेकंदांतच पाहावा. मागाहून चढणारा रंग अमोनियाशी जोडल्या गेलेल्या मंद क्लोरीनचाही असू शकतो. तपासलेले पाणी पिऊ नये, फेकून द्यावे. ही पेटी ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडे मागावी. मिळत नसेल तर मिळेपर्यंत मागत राहावे. आणि जोवर परीक्षा झाली नाही, तोवर लहान मुलांचे व आजाऱ्याचे पाणी खळखळ उकळून घ्यावे.

२०२३ सालापासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. जिल्हा मोठा असो वा लहान, विहीर ही गावाची सामाईक असते. एका घराने पावडरीचा वास टाळण्यासाठी दुसरी विहीर धरली, तर शेजारचेही तिकडेच जातात. तेच घर जर पिवळा रंग पाहून घागर भरू लागले, तर चार घरे त्याचे पाहून शिकतात. येत्या पावसाळ्यात पहिली घागर भरण्यापूर्वी, घरातील शिकत्या मुलाला किंवा मुलीला नळी हाती घेऊन विहिरीवर येण्यास सांगावे.